मोठ्या आपत्तीसाठी जागतिक पुरवठा साखळी कशी तयार ठेवायची? साठा वाढवला की पुरे?

तुम्ही विचारलंय की भूकंप, पूर, महासाथ अशा संकटात जगभर पसरलेली पुरवठा साखळी तुटू नये म्हणून जास्तीचा माल भरून ठेवणं पुरेसं आहे का. माझं उत्तर 'नाही' असं आहे, कारण साठा नेमका कशाचा करायचा हेच बहुतेक कंपन्यांना ठाऊक नसतं.

मी खरेदी विभागात काम करते. आमच्या नोंदींत पुरवठादाराचा जो पत्ता असतो, तो बहुधा बिल पाठवणाऱ्या कार्यालयाचा असतो. माल बनतो तो कारखाना कुठल्या नदीकाठी आहे आणि त्याला कच्चा माल कोण देतं, हे त्यात नसतं. घात तिथेच होतो.

मार्च 2011 मध्ये जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली. गाडीच्या रंगाला चकाकी देणारं मर्क कंपनीचं झिरॅलिक हे रंगद्रव्य तेव्हा जगात एकाच ठिकाणी बनायचं, फुकुशिमा प्रांतातल्या ओनाहामाला. तो कारखाना बंद पडला आणि तिकडे अमेरिकेत फोर्डला काळ्या-लाल रंगांच्या काही छटांची मागणी घेणं थांबवावं लागलं. अशा वेळी तुमचे रंग पुरवणारे चार असले तरी काय उपयोग? चौघंही त्याच दारात उभे.

म्हणून आधी प्रत्येक महत्त्वाच्या भागासाठी दोन आकडे काढा. कारखाना बसला तर पुन्हा सुरू व्हायला किती आठवडे लागतील, आणि तोवर आपण किती आठवडे तग धरू. तग धरण्याचा काळ कमी पडतो, तिथे पैसा घाला. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड सिमची-लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत फोर्डच्या पुरवठादारांना लावून पाहिली, तेव्हा मोठा धोका अनेकदा स्वस्त, कुणाचं लक्ष न जाणाऱ्या भागांत निघाला. टोयोटाने 2011 नंतर पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला सांगितला, तोही असाच नेमका, सरसकट सगळ्या मालाचा नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सलाईनची. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको या अमेरिकेच्या बेटावरचे, सलाईन बनवणाऱ्या बॅक्स्टर कंपनीचे कारखाने ठप्प केले आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांत सलाईनच्या छोट्या पिशव्यांचा तुटवडा पडला. सात वर्षांनी, सप्टेंबर 2024 मध्ये, हेलीन वादळाच्या पुराचं पाणी त्याच कंपनीच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या नॉर्थ कोव्ह कारखान्यात शिरलं. अमेरिकेला लागणाऱ्या शिरेवाटे देण्याच्या द्रवांपैकी सुमारे 60 टक्के तिथे बनत होते. रुग्णालयांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, ज्यांना शक्य होतं त्यांना तोंडावाटे पाणी द्यायला सुरुवात केली. एकदा ठेच लागूनही हे पुन्हा का झालं? सलाईन वजनाला जड, किमतीला स्वस्त. त्यात नफा थोडा, मग दुसरा कारखाना कोण उभारणार? आणि खरेदी करणारे आम्हीही निविदेत सगळ्यात कमी दर देणाऱ्यालाच सगळं काम देतो.

तेव्हा मागणीचा थोडा हिस्सा, दर जास्त पडला तरी, दुसऱ्या ठिकाणच्या कारखान्याला नेमाने द्या, आणि तोही काही वर्षांच्या कराराने. संकट आल्यावर दार ठोठावणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला कुणी माल देत नाही. जुन्या गिऱ्हाइकांनाच तो अपुरा पडत असतो.