फाटकाशी थांबायला शिकवताना

रामबाग, इंदूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. नवी घोडी फाटक उघडताच तुला रेटून पुढे घुसते, परवा तुझ्या पायावर तिचा खूर पडला, आणि तबेल्यातली मंडळी सांगतात की एकदा चाबूक दाखव, सरळ येईल. पाय अजून सुजलेला असेल तर आधी एक्स-रे काढून घे. घोडी कुठे पळून जात नाही.

चाबकाला हात लावू नकोस. घाबरलेलं घोडं पळतं आणि पळायला वाट नसली की दुगाण्या झाडतं. चारशे किलोच्या जनावराकडून तुला यातलं काहीच नको आहे. शिवाय तू फाटकात तिच्या नाकासमोर उभी राहून दोर ओढतेस, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणजे तू नेमकी तिला न दिसणाऱ्या जागी उभी असतेस. डाव्या खांद्यापाशी ये. तिथून तू तिला दिसशील आणि तिचे कान तुला दिसतील. तिचं लक्ष कुठे आहे, ते कान सांगतात.

आता दोराचं. मोहरकी, म्हणजे तोंडावरची दोरी, ओढली की घोडं उलट जोर लावतं. तो हट्ट नव्हे, त्याचं अंगच तसं आहे, आणि ओढाओढीत तू कधीच जिंकणार नाहीस. फाटकाच्या दहा पावलं आधी थांब. दोराला मागे हलका ताण दे, दोन बोटांचा. ती आधी काहीच करणार नाही. ताण वाढवू नकोस, सोडूही नकोस. मग ती अंगाचा भार थोडा मागे घेईल. पाय उचलणारही नाही, नुसती छाती मागे सरकेल. त्याच घटकेला दोर सैल सोड, सेकंदभराच्या आत. उशीर केलास तर तोवर ती मान झटकेल आणि मान झटकली की सुटका होते, हा धडा घेईल. घोडं शिकतं ते ढील मिळते त्या घटकेला, म्हणून माझं सगळं लक्ष माझ्या बोटांवर असतं. पहिल्या दिवशी एवढंच कर. फाटक ओलांडायलाच हवं असं नाही.

मला हे उशिरा कळलं. तरुणपणी एका शिंगराला लगाम चढवताना मला घाई झाली होती, त्याने डोकं वर केलं आणि मी त्याचा कान पिरगळून धरला. लगाम चढला. पण पुढचे चार महिने त्याने मला कानाजवळ हात नेऊ दिला नाही. रोज खरारा करताना मानेपासून सुरुवात करायचो, अयाळीपर्यंत जायचो, आणि त्याने डोकं हलवण्याआधी हात स्वतःहून मागे घ्यायचो. कानाच्या मुळाशी पोहोचलो त्या सकाळी त्याने डोकं खाली सोडलं, लांब श्वास टाकला, आणि मला रडू आलं. त्याची चूक काहीच नव्हती.

पाय उचलतानाही हेच. खांद्यावरून हात खाली आणत पुढचा डावा पाय उचल, तीन आकडे मोज आणि तिने हिसकण्याआधी तूच खाली ठेव. नालबंद येईल तेव्हा त्याला उपयोग होईल. गूळ हातातून देऊ नकोस, तोबऱ्यात टाक. हातातून दिलास तर खिसे हुंगत चावायला लागेल. आणि दोर हाताला कधीही गुंडाळू नकोस. ही एक गोष्ट मी रागावून सांगतो आहे.

२०२३ मध्ये चीनमधल्या हांगचौला आपल्या ड्रेसाज (स्वाराच्या खुणांवर घोड्याने ठरलेल्या चाली करून दाखवायची स्पर्धा) संघाने एशियाडचं सुवर्ण आणलं, तेव्हा तू मला फोन करून ओरडली होतीस. १९८२ च्या दिल्लीनंतर घोडेस्वारीतलं पहिलं सुवर्ण, आणि संघात आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला. त्या चित्रफिती पुन्हा बघ. स्वार जवळजवळ हलतच नाहीत आणि घोडं पाऊल बदलतं. इतक्या बारीक खुणेला घोडं कान देतं, कारण जमिनीवर कुणीतरी रोज त्या दोन बोटांच्या ताणाकडे नीट लक्ष दिलेलं असतं.

खोगीर अजून पंधरा दिवस घालू नकोस. रंगपंचमीला राजवाड्याकडची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, त्या दिवशी ढोल-ताशे तुमच्या रस्त्यानेही जातील; ती नक्की बुजेल. तिला मागच्या पागेत ठेव, चंदी आधी दे आणि स्वतः तिच्या डाव्या खांद्याशी उभी राहा. सकाळी सातला मीही तिथे पोहोचतो.

तुझा,
काका