जर्मनीत मनुष्यबळाची टंचाई खरी आहे का, आणि महाराष्ट्रातल्या नर्सला तिथे काम मिळेल का?

होय, टंचाई खरी आहे आणि नर्सना मागणीही आहे; मात्र केवळ इथल्या पदवीच्या बळावर तिथे नर्स म्हणून रुजू होता येत नाही. १९६४ साली तेव्हाच्या पूर्व आणि पश्चिम जर्मनीत मिळून साडेतेरा लाख मुले जन्मली, २०२३ साली सात लाखांहूनही कमी; ती मोठी पिढी आता निवृत्तीला आल्यामुळे रुग्णालयांपासून बस आगारांपर्यंत जागा रिकाम्या राहत आहेत, आणि म्हणूनच २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. मी नर्सना जर्मन शिकवते, त्यावरून सांगते: पदवीला तिथली मान्यता आणि सहसा बी-२ पातळीची, म्हणजे सहज संवाद साधता येईल इतकी, जर्मन भाषा होईपर्यंत सहायकाचेच काम मिळते. रात्रपाळीत रुग्णाला कुठे आणि कसे दुखते आहे, हे त्याच्या बोलण्यावरून ओळखून नोंदवायचे असते, त्यामुळे भाषा इथूनच पक्की करून जा.