शिनप्लास्टर : नडगीवरचा लेप की नोट?

१८३७ सालच्या अमेरिकी व्यंगचित्रांविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना 'शिनप्लास्टर' हा शब्द अडला आहे. यातल्या 'प्लास्टर'चा पैशाशी काय संबंध आणि मराठीत त्यासाठी 'हुंडी' चालेल का, असा प्रश्न आहे.

हे प्लास्टर मोडलेल्या हाडावरचे नव्हे. 'शिन' म्हणजे नडगी, आणि नडगीच्या जखमेवर व्हिनेगरसारख्या द्रवात भिजवून चिकटवायचा कागद, हा त्याचा मूळ अर्थ. आणि जी नोट बाजारात कोणी घेत नाही ती जखमेवर डकवायच्याच लायकीची, हा त्यातला टोमणा, अशी या शब्दाची सर्वसाधारणपणे उपपत्ती दिली जाते. शब्द १८३७ पूर्वीचाच, पण तो जिभेवर रुळला त्या वर्षीच्या नाणेटंचाईने. सरकारी जमिनीची किंमत सोन्याचांदीतच भरावी, असा आदेश राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी जुलै १८३६ मध्ये काढला होता, त्यामुळे नाण्यांची मागणी वाढली. १० मे १८३७ रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणी देणे थांबवले, तेव्हा ज्याच्या हाती नाणे होते त्याने ते दडवून ठेवले, आणि सुट्ट्या पैशांची चणचण भागवण्यासाठी व्यापारी, कंपन्या, नगरपालिका डॉलरहून कमी रकमेच्या नोटा स्वतःच छापू लागल्या. याच नोटांना लोक शिनप्लास्टर म्हणत.

व्यंगचित्रकारांनी तर टीकेसाठी नोटेचाच घाट उचलला. शिळाछापावर काढलेल्या एका पन्नास सेंटच्या लटक्या शिनप्लास्टरवर जॅक्सन डुकरावर स्वार होऊन सोन्याच्या फुलपाखरामागे थेट कड्याच्या टोकाकडे निघालेले दिसतात. सहा सेंटची दुसरी नोट 'हम्बग ग्लोरी बँके'च्या, म्हणजे थोतांडी वैभवाच्या बँकेच्या, नावाची आहे. यातला 'ग्लोरी' व्यंगचित्रकार एडवर्ड क्ले यांच्या त्याच वर्षीच्या 'द टाइम्स' या चित्रातही भेटतो : आकाशात जॅक्सन यांची टोपी, चष्मा आणि चिलीम तरंगते आहे, त्यांच्यावर हा शब्द झळकतो आहे, आणि खाली बँकेच्या दाराशी गर्दी, गहाणवटीचे दुकान, अनवाणी कारागीर असा सगळा पसारा आहे. बँक नाणी देत नाही आणि जकात कार्यालय मात्र नाण्यांवाचून काही घेत नाही, हे दोन्ही फलक क्ले यांनी एकाच चित्रात लावले आहेत. माझ्या मते त्या संकटाचे इतके नेमके वर्णन लांबलचक लेखातही सापडणार नाही.

आता 'हुंडी'. हा पर्याय मी साफ नाकारेन, कारण हुंडी चालते ती काढणाऱ्या पेढीच्या पतीवर आणि शिनप्लास्टर हे नावच मुळी पत नसल्याची हेटाळणी आहे. 'कर्जरोखा' किंवा 'वचनचिठ्ठी' हे शब्द अर्थाने जवळ असले तरी त्यांत टोमणा उरत नाही. 'चिटोरे' मात्र ठसक्यासकट जमते : 'दुकानदाराने सुट्ट्याऐवजी चिटोरे टेकवले' हे वाक्य कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. चित्राच्या शीर्षकात किंवा नोटेवरच्या मजकुरात हा शब्द आला असेल तर तेथे 'शिनप्लास्टर' असेच लिहून पहिल्या उल्लेखाला नडगीच्या लेपाची तळटीप द्यावी.

कॅनडाच्या सरकारने १८७० पासून काढलेल्या पंचवीस सेंटच्या छोट्या नोटांनाही लोक शिनप्लास्टरच म्हणत, परंतु त्या रीतसर चालणाऱ्या नोटा होत्या. त्या संदर्भात 'चिटोरे' न वापरता 'लहान नोट' म्हणावे.