उंदीर कोणी कापला, ते आधी लिहा

तुम्ही विचारलंय: न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करतेय, आरएनए-सीक्वेन्सिंगचा (कुठलं जीन किती चालू आहे, याच्या मोजणीचा) डेटा येणार आहे, विश्लेषण शिकायला आर आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषांपैकी कुठली घेऊ? आणि मराठवाड्यात राहून हे जमेल, की पुण्याला जाऊन कोर्स करावा लागेल?

आर. झालं. पुण्याला जाऊ नका.

आता खरं सांगतो. मी परभणीचा, पीएचडी इकडंच, झूलॉजीत. आमच्याकडं बारा रॅट होते, सहा कंट्रोल, सहा औषध दिलेले. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग काढून आरएनए कंपनीला पाठवला, तिकडून रंगीत हीटमॅपवाली पीडीएफ आली. बदललेल्या जीन्सच्या यादीत सगळ्यात वर टीटीआर, म्हणजे ट्रान्सथायरेटिन. सर इतके खूश की पेपरचं शीर्षकही ठरलं.

मला तेव्हा आरमध्ये साधी फाइल उघडता येत नव्हती. पण टीटीआर खटकलं. मेंदूत ते भरभरून बनतं कोरॉइड प्लेक्सस या शेजारच्या भागात, आणि हिप्पोकॅम्पस सोलताना त्याचा लालसर तुकडा चिकटून येतो, हे कापणाऱ्याला माहीत असतं. यादीत खाली पाहिलं तर केएल आणि फोलआर1, तीही कोरॉइड प्लेक्ससचीच जीन्स. तिघंही एकाच गावचे!

वही काढली. कंट्रोल सोमवारी मी कापलेले. औषधवाले गुरुवारी एका ज्युनिअरनं, घाईत, कारण मी चुलत बहिणीच्या लग्नाला गावी गेलो होतो. औषधाचा परिणाम म्हणून आम्ही ज्याला ओवाळत होतो, तो नीट न सोललेला हिप्पोकॅम्पस होता.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "ते कॉम्प्युटरवाल्यांचं काम आहे, तू उंदीर काप." गप्प बसलो. मग रागाच्या भरात रात्री बसून आर शिकलो. आरमधलं डीईसेक2 हे जीन्सची तुलना करणारं पॅकेज, त्यात औषधासोबत तारीखही घातली, तर समोर लाल ओळ: मॉडेल मॅट्रिक्स फुल रँक नाही. म्हणजे सगळे कंट्रोल एका दिवशी, सगळे औषधवाले दुसऱ्या दिवशी, आता दिवसाचा परिणाम कुठला आणि औषधाचा कुठला हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

दिवाळीत हे चुलतभावाला सांगितलं. तो परभणीच्या कृषी विद्यापीठाचा बीएस्सी अ‍ॅग्री. पोट धरून हसला. "एक वाण काळ्या रानात पेरलास, दुसरा मुरमाडात, अन् उतारा मोजालास व्हय रे? आमच्याकडून आरबीडी घोकून घेतेत." आरबीडी म्हणजे रानाचे सारखे गट पाडून प्रत्येक गटात सगळे वाण चिठ्ठ्या टाकून लावायचे. खरंच, हे सगळं शेतातूनच आलंय. संख्याशास्त्रज्ञ फिशर 1919 मध्ये इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लागले, तिथल्या प्लॉटवरच रँडमायझेशन, म्हणजे हे चिठ्ठ्या टाकून वाटणं, उभं राहिलं. आणि मेंदूवाले आपण, शहाणे.

म्हणून कुठलाही कोर्स घ्या, पहिल्या दिवशी प्रयोगाची आखणी शिकवत नसेल तर पैसे वाया. फास्टक्यू, म्हणजे मशीनमधून निघालेल्या कच्च्या फाइलींच्या मागं लागू नका. स्टार या सॉफ्टवेअरनं त्यातले तुकडे मानवी जीनोमवर अलाइन करायला, म्हणजे जागेवर बसवायला, तीसेक जीबी रॅम लागते, तुमच्या लॅपटॉपला आठ असेल. जीईओ या खुल्या डेटासाठ्यावरून एखाद्या मेंदूच्या अभ्यासाचा काउंट टेबल (जीनवार मोजणीचा तक्ता) उतरवा आणि त्यावर हात बसवा. फास्टक्यूपासून करायचंच असेल तर गॅलक्सी हे ऑनलाइन साधन फुकट आहे, ब्राउजरमध्ये चालतं. एक्सेलमध्ये जीन्सची यादी उघडू नका, सेप्ट2 या जीनची 2 सप्टेंबर होते. 2020 मध्ये या जीन्सची नावंच बदलावी लागली, पण जुन्या फाइली तशाच आहेत. सिंगल-सेल (एकेका पेशीचं आरएनए मोजणं) करणार असाल तर दहा हजार पेशी म्हणजे एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, दहा हजार नव्हे. रॅट चार, तर एन चार. यावर माझं एका पोस्टडॉकशी कडाक्याचं भांडण झालंय, तो अजून मानत नाही.

हां, मी केलंय ते बल्क आरएनएच, म्हणजे अख्ख्या तुकड्याचं एकत्र. प्रोटिओमिक्समध्ये न सापडलेल्या प्रोटीनांचं काय करायचं, ही निराळीच डोकेदुखी आहे, ती दुसऱ्या कोणाला विचारा. आणि सिंगल-सेलचा डेटा फार मोठा असला तर पायथनमधलं स्कॅनपाय बरं पडतं, तेव्हा वरचं "झालं" थोडं मागं घेतो. सरांबद्दलही एक सांगायला हवं, कापण्यात त्यांचा हात धरणारा आमच्याकडं कोणी नव्हता. गुरुवारी ते स्वतः बसले असते तर टीटीआर वर आलंच नसतं.

पेपर गेला नाही.

तुमचा डेटा अजून यायचाय ना? मग आजच सॅम्पल शीट उघडा आणि त्यात कापल्याची तारीख, वेळ आणि "कोणी काढला" असे तीन कॉलम टाका. आमच्या शीटमध्ये तिसरा नव्हता. गुरुवारचे उंदीर कोणी कापले, ते मला वहीतल्या अक्षरावरून ओळखावं लागलं.