कन्सोलला रंग देताना: वाचकांची प्रश्नोत्तरे

फौंड्रीसाठी क्यूटीमध्ये (खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहायची लायब्ररी) भट्टीच्या नोंदी दाखवणारं टूल केलंय. त्याच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरांऐवजी चौकोन आणि पुढे [३१एम असं उमटतं. (शिरोली एमआयडीसी)

तो चौकोन म्हणजे एस्केप, २७ क्रमांकाचं न दिसणारं अक्षर. एस्केप, चौकटी कंस, अर्धविरामांनी तोडलेले आकडे आणि शेवटी लहान एम, एवढं मिळून रंगाचा एक हुकूम होतो. टर्मिनलला (हुकूम टाइप करायच्या खिडकीला) तो कळतो, साधा टेक्स्ट बॉक्स मात्र जसाच्या तसा छापतो. म्हणून छापण्याआधी हुकूम वेगळे काढा. ० म्हणजे सगळं मूळपदावर, १ ठळक, २२ ठळक बंद, ३० ते ३७ आणि ९० ते ९७ अक्षरांचे रंग, ४० ते ४७ पार्श्वभूमीचे, ३९ व ४९ मूळ रंग. एवढ्यावर बहुतेक काम भागतं. आकड्याशिवाय नुसता एम आला तर ० धरा. दुसऱ्या अक्षराने संपणारे हुकूम कर्सर हलवणं, स्क्रीन पुसणं अशा कामांचे असतात. तेही शेवटपर्यंत वाचून सोडून द्या.

रंगासाठी क्यूटेक्स्टकॅरफॉरमॅट हा अक्षरांचं रूप ठरवणारा क्यूटीचा क्लास वापरा. एचटीएमएल जोडत बसलात तर नोंदीतली 'पेक्षा कमी'ची खूण टॅग समजली जाईल आणि पुढचा मजकूर गायब होईल.

रंग येतात, पण मधूनच '१एम' असा तुकडा दिसतो आणि मराठी अक्षरं फुटतात. हुकूम रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरात ठरावीक नमुना शोधायच्या सूत्राने) काढतो. (गोकुळ शिरगाव)

दुखणं तिथेच आहे. पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याकडे नेणाऱ्या वाटेतून, मजकूर ओळींनी येत नाही, हाती लागेल तेवढ्या बाइट्सनी येतो. एका तुकड्याच्या शेवटी एस्केप, कंस आणि ३ येतात, १एम पुढच्या तुकड्यात जातो. पूर्ण हुकूम कुठेच सापडत नाही. 'भट्टी'मधला भ यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये लिहायच्या पद्धतीत) २२४, १६४, १७३ असा तीन बाइट्सचा. १६४ वर तुकडा संपला आणि तुम्ही तिथेच डिकोड केलं, म्हणजे बाइट्सची अक्षरं केली, की भ गेला.

आधी डिकोडर असा घ्या की अपुरे बाइट्स तो पुढच्या खेपेसाठी राखून ठेवील. क्यूटी ६ मध्ये क्यूस्ट्रिंगडिकोडर आहे. मग एकेक अक्षर वाचा आणि तीन अवस्था ठेवा: साधा मजकूर, एस्केप दिसला, आकडे गोळा होताहेत. अवस्था, गोळा झालेले आकडे आणि चालू रंग फंक्शनमध्ये नव्हे, ऑब्जेक्टमध्ये ठेवा. रंग ओळ संपली तरी टिकायला हवा. एसटीडीआउट (प्रोग्रॅमचं नेहमीचं आउटपुट) आणि एसटीडीइआरआर (चुकांचे संदेश) यांना स्वतंत्र डिकोडर आणि हुकूम वाचणारं स्वतंत्र ऑब्जेक्ट द्या. हे हमखास राहून जातं, आणि मग चुकीच्या ओळी लाल होतात.

तोच प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये रंगीत, आमच्या टूलमध्ये काळापांढरा. का? (राजारामपुरी)

बरेच प्रोग्रॅम आउटपुट खऱ्या टर्मिनलकडे जातंय का ते तपासतात. पाइप दिसला की रंग बंद करतात. उदाहरणार्थ ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रॅमला रंगाच्या पर्यायात 'ऑलवेज' द्या. असा पर्यायच नसेल तर लिनक्सवर पाइपऐवजी स्यूडोटर्मिनल (प्रोग्रॅमला खरं वाटणारं नकली टर्मिनल) जोडा.

दुपारपर्यंत टूल जड होतं. (इचलकरंजी)

ओळी साचतात. क्यूप्लेनटेक्स्टएडिटला (क्यूटीच्या साध्या टेक्स्ट बॉक्सला) सेटमॅक्झिममब्लॉककाउंटने ५,००० ओळींची मर्यादा घाला. प्रत्येक तुकडा लगेच छापू नका, टायमरने ५० मिलिसेकंदांनी एकदम टाका. पूर्ण नोंद फाइलमध्ये जाऊ द्या, हुकूम काढून. नाहीतर पुढे शोधताना तेच चौकोन आडवे येतील.

काळ्यावर निळं वाचता येत नाही. (उद्यमनगर)

शुद्ध निळ्याचा काळ्याशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातल्या फरकाचं गुणोत्तर) जेमतेम २.४ आहे, वाचायला ४.५ तरी हवा. ३४ साठी, म्हणजे निळ्याच्या हुकुमासाठी, लाल १००, हिरवा १५०, निळा २५५ अशी फिकी छटा नेमा.