तिचा हात ज्या रकान्यापाशी थांबतो

ताई, नमस्कार.

तुमच्या लेकीची मैत्रीण तीन वर्षांची असताना मेक्सिकोहून कॅलिफोर्नियात आली. आता ती सतरा वर्षांची आहे, बारावीत शिकते आणि तिला नर्स व्हायचंय. पण अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नाहीत म्हणून ‘कॉलेज माझ्यासाठी नाही’ असं धरून बसलीय. तिला काय सांगू, असं तुम्ही विचारलंत. दुसऱ्याच्या लेकरासाठी पत्र लिहिलंत, फार बरं वाटलं.

कॉलेज तिच्यासाठी आहे, हे आधी सांगा. कॅलिफोर्नियात २००१ पासून एबी ५४० कायदा आहे. राज्यातल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं शिकून पास झालेल्यांना कागदपत्रं नसली तरी रहिवाशांचीच फी पडते. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, ती युनिटला (एका श्रेयांकाला) ४६ डॉलर, आणि घरचं उत्पन्न कमी असेल तर तीही माफ होऊ शकते. राज्य बदललं की नियम बदलतो, टेक्सासमध्ये अशी सवलत २०२५ मध्ये गेली.

फाफ्सा, म्हणजे शिक्षणासाठी केंद्राची आर्थिक मदत मागायचा अर्ज, तिनं भरू नये. तिच्यासाठी कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्टचा वेगळा अर्ज आहे. तो राज्याकडे जातो आणि सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी भरता येतो. मागे एक मुलगा माझ्यासमोर अर्ज भरत होता. त्या नंबरचा रकाना आला आणि त्याचा हात माउसवरून मांडीवर गेला. ‘तो मोकळाच सोड’ म्हटलं, तरी बराच वेळ हात वर येईना. रात्री हॉटेलात भांडी घासून तो एका सत्रात दोनच विषय घ्यायचा. दोन वर्षांच्या कोर्सला त्याला पाच वर्षं लागली. याला कुणी आळस म्हटलं की मला राग येतो.

आता अवघड भाग. लहानपणी अमेरिकेत आणलेल्या मुलांसाठीच्या २०१२ च्या ‘डाका’ (DACA) योजनेतून वर्क परमिट मिळतं, पण त्यासाठी १५ जून २००७ पासून अमेरिकेत असावं लागतं. ही मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती. नर्सिंगचा परवाना देताना राज्य इमिग्रेशन स्टेटस आड आणत नाही, नोकरीला मात्र वर्क परमिट लागतंच. हे तिच्यापासून लपवू नका. रुग्णालयातल्या प्रॅक्टिकलच्या अटीही तिनं प्रवेशाआधीच विचाराव्यात. बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत इमिग्रेशन वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, तो आधी घ्यावा. घरच्यांना माहीत नसलेली एखादी वाट कधीकधी तिथे सापडते.

तिच्या आईवडिलांना अर्जावर पत्ता लिहायची भीती वाटेल. ‘काही होत नाही हो’ असं म्हणून ती उडवून लावू नका. भरायचा की नाही, हे त्यांनी वकिलाशी बोलून ठरवावं. आणि तिच्या कागदपत्रांचा विषय तुमच्या लेकीनं वर्गात कुणाकडेही काढू नये.

अशा विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात एक माणूस नेमलेला असतो. ‘ड्रीम रिसोर्स लिएझॉन’ म्हणून विचारायचं. पहिल्या भेटीला तुमची लेक सोबत गेली तर बरं. बाहेर बाकावर बसून राहिली तरी चालेल.