देणगी तेवढीच, देणारे मात्र कमी

प्रश्न : पेठ तालुक्यात आमच्या ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह आहे, कार्यालय नाशिकला. मी खजिनदार. अमेरिकेतली आपली माणसं तिथल्या एका नोंदणीकृत संस्थेमार्फत आम्हाला मदत करतात, ती आमच्या एफसीआरए खात्यात, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या वेगळ्या खात्यात, जमा होते. २०१२ साली असे ४१ देणगीदार होते, आज ७ उरलेत. रक्कम मात्र जवळपास तेवढीच आहे, कारण त्यातले दोघं मोठी रक्कम देतात. ओहायोतल्या एक बाई दर दिवाळीला २५ डॉलर पाठवायच्या, २०१८ नंतर त्यांचंही काही आलं नाही. विश्वस्त म्हणतात, चिल्लर देणग्यांमागे वेळ घालवू नका. आमचं काही चुकलं का? आणि एका विश्वस्तांच्या मुलाने आता अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय. त्याचे पैसे साध्या खात्यात घेतले तर चालेल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आधी शेवटचं, कारण त्यात चूक झाली तर नोंदणीवर गदा येते. चालणार नाही. भारतीय नागरिक परदेशात राहून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देतो, तेव्हा ती परदेशी देणगी धरत नाहीत. नागरिकत्व बदललं की धरतात, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, असलं तरी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. मुलाला तेवढाच खाते क्रमांक द्या, दुसरा देऊच नका.

आता मुख्य गोष्ट. तुमची यादी आटली ती एकट्या तुमच्या चुकीने नाही. अख्ख्या अमेरिकेची यादी अशीच आटली आहे. तिथे २०२४ मध्ये दानाचा एकूण आकडा ५९० अब्ज डॉलरच्या वर गेला. पण इंडियाना विद्यापीठाच्या पाहणीनुसार २००० साली तिथली ६६ टक्के कुटुंबं काही ना काही दान करत होती, २०१८ पर्यंत ती निम्म्याच्याही खाली आली. पैसा वाढला आणि हात कमी झाले. तुमच्या वहीत ४१ चे ७ झाले, ते हेच.

एक कारण देवळाशी, म्हणजे त्यांच्या चर्चशी बांधलेलं आहे. रविवारच्या प्रार्थनेला थाळी फिरते, लहान मूल आईबापांना त्यात पैसे टाकताना बघतं, आणि देण्याची सवय तिथेच लागते. १९८० च्या दशकात तिथल्या दानातला निम्म्याहून जास्त वाटा धर्मसंस्थांकडे जायचा, आता तो पाव हिश्श्याच्याही खाली आहे. आपल्याकडे दारावर दिंडी आली की आजी नातवाच्या हातानेच शिधा घालायला लावते. ती आजी घरातून गेली की नातवाचा हात आपसूक पुढे येत नाही. मला हे कारण सगळ्यात मोठं वाटतं.

दुसरं कारण कराचं. २०१८ पासून तिथे एकट्या माणसाचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्चाचा तपशील न देता उत्पन्नातून मिळणारी सरसकट वजावट, ६,३५० डॉलरवरून १२,००० वर गेलं. त्याआधी सुमारे ३० टक्के लोक देणग्यांचा तपशील मांडून सूट घ्यायचे, ते १० टक्क्यांच्या आसपास आले. उरलेल्यांना २५ डॉलरच्या पावतीचा करात काहीच उपयोग राहिला नाही. श्रीमंतांची गोष्ट वेगळी. ते डोनर अॅडव्हाइज्ड फंडात, म्हणजे दानासाठी आधीच बाजूला काढलेल्या पैशांच्या खात्यात, पैसे ठेवतात आणि करसवलत त्याच वर्षी घेतात, पण पैसे प्रत्यक्ष संस्थेला कधी द्यायचे याची मुदत कायद्यात नाही. खासगी फाउंडेशनला निदान दरवर्षी आपल्या मालमत्तेच्या ५ टक्क्यांच्या आसपास पैसे वाटावे लागतात. तेव्हा तुमचे दोन मोठे दाते या फंडातून देत असतील, तर यंदाचे पैसे कधी येतील हे त्यांना आत्ताच, स्पष्ट विचारा.

विश्वस्तांच्या ‘चिल्लर’ या शब्दाचं मला वाईट वाटलं. मी एका वसतिगृहासाठी बावीस वर्षं पावत्या फाडल्या, कार्बनची निळाई बोटांवरून जायची नाही. एक वर्ष आमचा निम्म्याहून जास्त खर्च एकाच दात्यावर होता. जूनमध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर, त्यांचा धंदा बसला. कोठीत तूरडाळीचे दोन डबे आणि तळाला गेलेला तांदूळ. त्या महिन्यात आम्हाला तारलं ते ५१ आणि १०१ च्या पावत्यांनी. नाशिकरोडचे एक निवृत्त शिक्षक पेन्शन झाली की ३ तारखेला यायचे, शंभराची नोट ठेवायचे आणि विचारायचे, ‘यंदा दहावीला किती जणी?’ त्या जूनमध्ये ते दोनदा आले आणि दुसऱ्या वेळी शेजारच्या चौघांना घेऊन आले. मोठ्या दात्याने असं कोणाला आणल्याचं मला आठवत नाही. त्यांना दोष देत नाही, पण आठवत नाही.

म्हणून गेलेल्या ३४ जणांना पत्र लिहा. एकच मजकूर सगळ्यांना नको, नाव घालून लिहा, आणि मुलींनी काय शिकलं, डाळ-तांदळाला किती लागले, तेही लिहा. तिथल्या संस्थांचा ‘९९०’ नावाचा वार्षिक तक्ता कोणालाही बघता येतो, त्यामुळे हिशेब बघायची त्यांना सवय असते. तुमचा लेखापरीक्षित ताळेबंद सोबत जोडा. दोन गोष्टी आवर्जून कळवा. २०२६ पासून तपशील न मांडणाऱ्यांनाही रोख देणगीवर एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत वजावट आहे. मात्र देणगी तिथल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत आली पाहिजे, थेट तुम्हाला पाठवली तर मिळत नाही. आणि बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतःकडून घालतात. लोक अर्ज करायचं विसरतात, तेव्हा आठवण करून द्या.

पहिलं पत्र ओहायोच्या त्या बाईंना लिहा. हाताने लिहा, आणि २५ डॉलरचा उल्लेख करू नका. त्या कशा आहेत, ते विचारा.